उगवतीचे पील

बुऱ्हाणपूरच्या जिल्हा न्यायालयात वकील समाधान वारके उलटतपासणीस उभे राहिले, म्हणजे ओसरीवरचा चहावालासुद्धा कपबशा आवाज न करता ठेवीत असे, इतका त्यांचा दरारा होता. फौजदारीच्या वाटेला ते आयुष्यात गेले नाहीत. भावाभावांच्या वाटण्या, गेलेल्या माणसांच्या वसीयती, दोन भागीदारांत फाटलेली दुकाने, हेच त्यांचे शेत आणि हेच त्यांचे पीक. वडील रावेरकडून कागदाच्या कारखान्यात नोकरीसाठी आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे समाधानरावांची शाळा हिंदी, घर मराठी आणि रागाच्या वेळी दोन्ही, अशी एकंदर परिस्थिती होती.

त्यांची कामाची रीत मात्र सगळ्यांहून निराळी होती. कज्जा ज्या जागेवरून पेटला, ती जागा डोळ्यांनी पाहिल्यावाचून ते प्रश्न लिहायला बसत नसत. तेथे गेल्यावर पक्षकाराला ते बोलू देत नसत. म्हणत, “तोंड बंद ठेवा आणि रोजचं काम करा.” सिंधीपुऱ्यातल्या मावा जिलेबीच्या दुकानाचे दोन भागीदार भांडत आले, तेव्हा हे गृहस्थ दिवसभर भट्टीशेजारी स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांना उमगले, की तुपाच्या कढईला एकच जण हात लावतो आणि दुसरा फक्त गिऱ्हाइकांना हसून दाखवतो. त्या एका दिवसावर त्यांनी तो दावा जिंकला. मनुष्याची जीभ काहीही सांगेल, परंतु हाताला लागलेले वळण खोटे बोलत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता.

पण तीस वर्षे हेच करता करता एक वाईट खोडही त्यांना जडली. समोरचा मनुष्य खरे सांगत असेल, ही गोष्टच त्यांच्या ध्यानात येईनाशी झाली. पत्नी वैजयंतीबाई एकदा ताट वाढताना म्हणाल्या, “भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं तुम्ही विचारलं तरी मला कठघऱ्यात उभं केल्यासारखं होतं. उद्या गीतेवर हात ठेवून फोडणी देत जाईन.” समाधानराव हसले खरे, परंतु तो घास त्यांना थोडा जड गेला.

अशा दिवसांत राजपुऱ्यातल्या त्यांच्या कचेरीत पंडित महाजन नावाचा साठीतला शेतकरी येऊन बसला. सोबत त्याचा मुलगा योगेंद्र होता. पंडितने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो टोपीशीच बोलल्यासारखा बोलू लागला.

“साहेब, माह्या बहिणीनं माह्यावर दावा टाकला. म्हनते, मी जमीन चोरली.”

हकीकत अशी होती. असीरगडच्या रस्त्याला लागून, किल्ला दुरून निळसर दिसतो अशा शिवारात त्यांचे शेत होते. त्याच्या अगदी मधोमध वडिलांनी जुन्या देशी केळीची एक ओळ लावली होती. ती केळी विक्रीची नव्हे. गावात कोणाचे लग्न असो, सत्यनारायण असो, मांडवाचे खांब आणि नैवेद्याची पाने त्या ओळीतून फुकट जायची, असा वडिलांचा नेम होता. बाकीचा बाग तीन पिके झाली की उपटून नवा लावीत, पण ही ओळ कधीही उपटायची नाही, असे त्यांनी बजावून ठेवले होते. शेवटच्या आजारात त्यांनी वसीयत लिहविली, तीत एवढेच होते : या ओळीच्या उगवतीकडची जमीन लेकीला, मावळतीकडची लेकाला, दोघांना सारखी. मोजमाप काही लिहिले नव्हते. ओळ डोळ्यांसमोर उभी असताना आकडे कशाला, असे त्या वेळी सर्वांनाच वाटले.

थोरली बहीण गोदाबाई कागदाच्या कारखान्याच्या वसाहतीत नवऱ्याच्या नोकरीपायी राहत असे. तिचाही तुकडा पंडितच कसायचा आणि तिचे पीक बिनचूक तिच्या दारी पोहोचवायचा. दरसाल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी येई, परंतु सण घरातच आटपून परत जाई. शेताकडे तिचे पाऊल कित्येक वर्षांत वळले नव्हते. मग नातवाचे जावळ काढले, त्या निमित्ताने ती शेतातल्या म्हसोबाला नारळ फोडायला गेली आणि नारळ हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या लहानपणी केळीची ओळ म्हसोबाच्या पायापासून सुरू होत असे. आता म्हसोबा पंडितच्या कपाशीत एकटाच उभा होता आणि केळीची ओळ पार पलीकडे, तिच्या हिश्शात शिरलेली होती. पटवाऱ्याला बोलावून माप घेतले. ओळ धरून मोजले, तर पंडितची जमीन जास्त भरली आणि तिची कमी. साऱ्या सोयऱ्यांदेखत ती पंडितला चोर म्हणाली आणि त्याने तिला खोटी ठरविले. आखाजीला येणे बंद झाले.

“तुम्ही ओळ सरकवली नाही?” समाधानरावांनी विचारले.

“नही.”

“मग म्हसोबा सरकला?”

“तोबी नही. साहेब, ओळ हाय तिथंच हाय. मी रोज पाह्यतो तिले.”

समाधानरावांच्या मनात आले, या गृहस्थाने खोटे तरी नीट शिकून यायला हवे होते. एवढ्यात योगेंद्र पुढे सरकला.

“साहेब, सिंपल है ना. बोल देंगे की पत्थर किसी ने उठा के इधर रख दिया. आत्याले चष्मा हाय, तीस साल बाहेर राह्यली, तिले काय याद राहीन? तुम्ही तर भल्याभल्यांले फोडता म्हनते.”

खरे सांगायचे, तर समाधानरावांच्याही डोक्यात तीच मांडणी सुरू झाली होती. म्हातारीचा चष्मा, तिचे वय, तिची वर्षानुवर्षांची गैरहजेरी. अशा हत्यारांनी त्यांनी शेकडो साक्षीदार नामोहरम केले होते. परंतु पंडितने मुलाकडे अशा काही नजरेने पाहिले, की तो मागे सरकला.

“देव हालवला म्हनाचं नही,” पंडित म्हणाला. “आन् साहेब, माह्या दोन गोष्टी आहेत. आक्काले कोर्टात रडवाचं नही. दुसरी अशी, की जमीन गेली त जाऊ द्या. पन पंडितनं ओळ सरकवली नही, हे कोर्टाच्या कागदावर आलं पाह्यजे. मी मरीन तवा माही बहीण मले चोर समजून रडाले येऊ नये.”

समाधानरावांनी वकीलपत्र घेतले. मनातून मात्र त्यांनी पंडितला खोटारड्यांच्याच पंक्तीला बसविले होते.

गोदाबाईच्या वतीने तृप्ती नावाची तरुण वकील उभी होती. ती पूर्वी समाधानरावांच्याच हाताखाली शिकलेली. दाव्यातला म्हसोबाचा मुद्दा तिने असा ठाशीव लिहिला होता, की वाचताना गुरूला अभिमान वाटला आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला घाम फुटला.

पौषाच्या थंडीत एका सकाळी समाधानराव शेतावर गेले. किल्ला धुक्यात अर्धा बुडालेला होता. म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड खरोखरीच कपाशीच्या मधोमध होता आणि तो जमिनीत इतका खोल रुतलेला होता, की तो कोणी उचलून आणला म्हणणाऱ्याला लहान पोरही हसले असते. त्याच्या उगवतीला, बरेच अंतर टाकून, केळीची ती जुनी ओळ उभी होती. उंच, पातळ, फाटक्या पानांची.

“पंडितभाऊ, बोलायचं नाही. आज जे काम असेल ते करा,” समाधानराव बांधावर उकिडवे बसत म्हणाले.

पंडितने कोयता घेतला. एका केळीचा घड आदल्या दिवशी उतरला होता. केळ एकदाच विते आणि मग मरते, तिच्या बुडाशी फुटलेली पिले पुढे वाढतात, हे तर समाधानरावांनाही ठाऊक होते. पंडितने ते रिकामे झालेले खोड खाली घेतले. त्याच्या भोवती चार बाजूंनी पिले फुटली होती. त्याने एकदा सूर्याकडे पाहिले आणि उगवतीकडचे पील हाताने गोंजारून ठेवले. बाकीची तीन त्याने सपासप छाटली. मग तो पुढच्या झाडाशी गेला. तेथेही तसेच. तिसऱ्याशी गेला, तेथे मावळतीचे पील चांगले मांडीएवढे जाड होते आणि उगवतीचे अगदीच किरकोळ. तरी त्याने जाडजूड छाटले आणि किरकोळ ठेवले.

समाधानराव उठून उभे राहिले.

“ते चांगलं होतं. ते का कापलं?”

“उगवतीचंच ठेवाचं असते, साहेब. बाबानं सांगून ठेवलं हाय. उगवतीच्या लेकराले सकाळचं कोवळं ऊन भेटते.”

“नेहमी?”

“बाबा गेले तवापासून मीच ठेवतो. एकही झाड चुकवलं नही.”

समाधानराव त्या तोडलेल्या खोडाशी वाकले. खोडाच्या उगवतीला, वीतभर अंतरावर, ते ठेवलेले पील. खोडाच्या मावळतीला, तितक्याच अंतरावर, मागच्या वर्षीच्या केळीचे कुजके बूड. त्याच्या पलीकडे भुसभुशीत खळगा. त्यांनी कुदळ मागितली आणि कोट काढून स्वतःच खणायला सुरुवात केली.

“साहेब, ये क्या कर रहे हो? पैंट खराब होईन!” योगेंद्र ओरडला.

खळग्यात जुन्या कंदाचा काळा, स्पंजासारखा गोळा निघाला. त्याच्याही मावळतीला आणखी एक, अधिक कुजलेला. त्यापुढे नुसती काळी माती, आणि पुढे तीही नाहीशी. समाधानरावांनी मान वर केली. त्या खुणांच्या रोखाने नजर टाकली, तर ती कपाशीतून सरळ जात शेंदराच्या दगडाशी जाऊन थांबली.

ते कुदळीवर हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “पंडितभाऊ, तुम्ही खोटं बोलत नव्हतात.”

“मी तेच त सांगून राह्यलो.”

“ओळ तुम्ही सरकवली नाही. ती चालत गेली. दरवर्षी आई मरते आणि उगवतीचं लेकरू तिची जागा घेतं. दर पिढीला एक वीत, उगवतीकडे, तुमच्या बहिणीच्या रानात. तुमचा दुसरा बाग तीन पिकांत उपटला जातो, म्हणून चालायला त्याला सवडच मिळत नाही. ही एकच ओळ इतकी वर्षं जागेवर ठेवली, म्हणून ती जागेवर राहिली नाही.”

पंडितने ओळीकडे पाहिले, म्हसोबाकडे पाहिले, मग हातातल्या कोयत्याकडे पाहिले आणि तो कोयता बाजूला ठेवून खाली बसला.

“म्हनजे मीच सरकवली.”

“हात तुमचा, हुकूम वडिलांचा.”

“पन हात त माहाच ना, साहेब.” त्याने तळहात उलटा करून पाहिला. “आक्का खरं बोलत होती. मी तिले भर सोयऱ्यांत खोटी म्हटलं.”

योगेंद्रने मात्र निराळाच हिशेब मांडला. “तो फिर केस गई ना? जमीन त आत्याचीच निघाली. वकीलसाहेब, तुम्ही कोनाकडून हाय?”

“तुझ्या वडिलांकडून. त्यांनी मला जमीन वाचवायला सांगितली नव्हती, नाव वाचवायला सांगितलं होतं.” समाधानराव पंडितजवळ बसले. “पण हे तुम्ही साक्षीत सांगितलंत, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. केळी चालली म्हणे, असं म्हणून सारं कोर्ट हसेल. तुमच्या बहिणीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरच ते खरं. विचारू का त्यांना? जमीन मात्र जाईल.”

पंडितने मातीतला एक कुजका कंद उचलून हातात फिरविला.

“इचारा,” तो म्हणाला. “पन सावकाश इचारा.”

गोदाबाईच्या साक्षीची पेशी माघात लागली. ती कठघऱ्यात चढली ती पदर खोचून, जणू घर सारवायला निघाली आहे. चष्म्यातून तिने समाधानरावांना असे न्याहाळले, की आज कोण कोणाची तपासणी घेणार, हा प्रश्नच पडावा. पंडित मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

समाधानराव नेहमी साक्षीदाराच्या अगदी जवळ जाऊन उभे राहत. आज ते चार पावले दूर राहिले.

“मावशी, तुम्ही म्हणता, ओळ म्हसोबापासून सुरू व्हायची.”

“म्हनते काय? व्हतीच. नारळ फोडला का शेंडी पहिल्या केळीच्या बुडात टाकाची. तुमी शेत पाह्यलं का नुसते कागदच पाह्यले?”

मागे कोणीतरी खुदकन हसले. न्यायाधीशांनी पेन्सिल आपटली.

“पाहिलं, मावशी. ती पहिली केळ आज आहे?”

“तिथं कशी राहीन ती? केळ व्याली का मेली. तिचं पील राह्यते.”

“पिलं तर चारी बाजूंनी फुटतात. त्यातलं ठेवायचं कोणतं?”

तृप्ती ताडकन उठली. “ऑब्जेक्शन, सर! यहाँ ज़मीन का मुकदमा है, केले की खेती का नहीं.”

“वकील साहब, मुद्दे पर आइए,” न्यायाधीश म्हणाले.

“हुजूर, यही मुद्दा है. दो सवाल और.” समाधानरावांनी मान तुकविली. गोदाबाई एव्हाना उत्तर द्यायला उतावीळ झाली होती.

“उगवतीचं! बाबाचा नेमच व्हता. एकदा पंडितनं मावळतीचं ठेवलं, ल्हान व्हता तवा. बाबानं त्याले दिवसभर जेवाले देल्लं नही. मीच मंग पदराखाली भाकर घेऊन गेली.”

मागच्या बाकावरची मान किंचित वर झाली.

“त्यानंतर पंडितभाऊंनी कधी नेम मोडला का? तुम्ही सासरी गेल्यावर? वडील गेल्यावर?”

“तो?” गोदाबाई फणकाऱ्याने म्हणाली. “तो मोडीन बाबाचा शब्द? अहो, तो असा हट्टी गाढव हाय, का बाबा म्हनले असते विहिरीत उभा राह्य, त आजपावतर उभा असता!”

सारे न्यायालय हसले. न्यायाधीशही ओठ मिटून हसले. फक्त समाधानराव हसले नाहीत. ते हळूच म्हणाले,

“मावशी, पील आईपासून किती लांब फुटतं?”

“एवढं.” तिने कठघऱ्याच्या लाकडी कठड्यावर आपली वीत टेकविली.

“आणि पुढल्या वर्षी त्या पिलाचं पील? तेही उगवतीचंच ठेवलं तर?”

तिने वीत उचलून पुढे टेकविली. “एवढं.”

“त्याच्या पुढच्या वर्षी?”

वीत आणखी पुढे सरकली. समाधानरावांनी यापुढे विचारलेच नाही. गोदाबाईचा हात आपोआपच चालू लागला होता. एक वीत, आणखी एक, आणखी एक. जुन्या पॉलिश उडालेल्या कठड्यावरून तो सुरकुतलेला हात सावकाश चालत गेला, आणि कठड्याचे टोक आले, तेथे पुढे लाकूड नव्हते म्हणून थांबला. म्हातारी त्या हाताकडे पाहत राहिली. मग जेथून वीत टेकायला आरंभ केला होता, त्या दुसऱ्या टोकाकडे तिने पाहिले.



“अगं माय,” ती म्हणाली.

तिने सरळ मागच्या बाकाकडे तोंड वळविले. “पंडित! अरे गाढवा, एकही झाड चुकवलं नही का रे तू?”

पंडित उभा राहिला. त्याने ‘नाही’ अशी मान हलविली.

“गवाह से कहिए इधर देखें,” न्यायाधीश म्हणाले, परंतु त्यांचा आवाज नरम होता. त्यांनी स्वतःच विचारले, “माताजी, आप क्या समझीं, अदालत को बताइए.”

“साहेब, समझना क्या है,” गोदाबाई आपल्या हिंदीत म्हणाली. “मेरे भाई ने कतार नहीं सरकाई. कतार चलते चलते आई. मेरे बाप ने चलाई और इसने रोकी नहीं, क्योंकि बाप की बात थी.”

तृप्तीने फाईल मिटली आणि उभी राहून तिने पक्षकारांच्या आपसातल्या बोलण्यासाठी थोडा वेळ मागितला. न्यायाधीशांनी तो तत्काळ दिला.

ओसरीवर येताच गोदाबाई पंडितसमोर जाऊन उभी राहिली. तीच आधी म्हणाली,

“सकाळी जेवला का?”

“नही.”

“मले माहीत व्हतं. आज पदराखाली भाकर नही आनली. चहा पी.” आणि तिने चहावाल्याला अशा आवाजात हाक मारली, की त्याच्या कपबशा आज खणखणल्याच.

“आक्का, तुही जमीन तुले,” पंडित म्हणाला. “म्हसोबापासून सरळ रेघ मार आन् घेऊन टाक.”

“घेईनच. सोडते का काय?” ती डोळे पुशीत म्हणाली. “पन चोर म्हनली मी तुले. ते कसं मांघं घेऊ?”

हा प्रश्न समाधानरावांनी आपल्या अखत्यारीत घेतला. तडजोडीचा मसुदा तृप्तीने झरझर लिहिला : हद्द म्हसोबाच्या दगडापासून शेताच्या दुसऱ्या टोकाच्या नाल्याकाठच्या खांबापर्यंत सरळ, दोन्ही हिस्से समान. समाधानरावांनी तो वाचला आणि शेवटी जागा दाखवीत म्हणाले, “इथे एक वाक्य घाला. कतार को किसी भी पक्षकार ने नहीं हटाया.”

“सर, त्याची कायद्यानं गरज नाही.”

“कायद्याला नसेल. माझ्या पक्षकाराला आहे. त्यानं मला फी दिली ती याच वाक्याची.”

तृप्तीने ते वाक्य लिहिले. मग लेखणी बंद करीत म्हणाली, “सर, तुम्ही मावशींचा चष्मा काढाल, वय काढाल म्हणून मी सगळी तयारी करून आले होते.”

“मीही तीच तयारी करून ठेवली होती,” समाधानराव म्हणाले. “मग शेतावर गेलो.”

दुपारनंतर न्यायाधीशांनी तो मसुदा भर न्यायालयात वाचला. शेवटचे वाक्य त्यांनी थोडे थांबून, स्पष्ट उच्चारांत वाचले. पंडितला अक्षरे फारशी येत नव्हती, परंतु ते वाक्य कागदावर नेमके कोठे आहे, हे त्याने समाधानरावांना बोट ठेवायला लावून पाहिले.

त्या दिवशी घरी जेवताना वैजयंतीबाईंनी ते विचारण्याआधीच विचारले, “मीठ?” समाधानराव म्हणाले, “तुम्ही घातलंय म्हणजे बरोबरच असेल.” त्या चपापून त्यांच्याकडे पाहतच राहिल्या आणि मग स्वतःच वाटीतली भाजी चाखून पाहू लागल्या.

आखाजीला गोदाबाई माहेरी आली. तिने समाधानरावांनाही आग्रहाने बोलावून घेतले होते. शेतात नव्या हद्दीचे दगड रोवून झाले होते. म्हसोबा पुन्हा बरोबर बांधावर आला होता. केळीची ओळ मात्र आता गोदाबाईच्या हद्दीत, बांधापासून दूर, विनाकारण उभी असल्यासारखी दिसत होती.

“आत्या, आता ही कतार उखाडून टाकू,” योगेंद्र म्हणाला. “ड्रिपची नळी सीधी जाईन.”

“खबरदार!” गोदाबाई कडाडली. “बाबाची ओळ हाय. चालत आली तशी चालत जाईन. पंडित, घे कोयता.”

पंडितला तिचे म्हणणे उमगले. एका केळीचा घड नुकताच उतरला होता. तो तिच्यापाशी गेला. उगवतीला एक टवटवीत पील होते, मावळतीला एक तसेच. त्याने कोयता उचलला आणि उगवतीच्या पिलावर धरला. हात तेथेच अडकला. एवढ्या आयुष्यात त्या बाजूला त्याने कधी वार केला नव्हता.

“मार,” गोदाबाई त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. “बाबा काही बोलले त मी हाये. भाकर आनून दीन.”

कोयता खाली आला. उगवतीचे पील आडवे झाले. पंडितने मावळतीच्या पिलाभोवतीची माती दोन्ही हातांनी दाबली, आणि उठून पुढच्या झाडाशी गेला.

योगेंद्र डोळ्यांवर हात धरून बांधाच्या बाजूला पाहत होता. “पन आत्या, बांधापर्यंत जायले तर पूरी उमर लागीन हिले.”

“लागू दे ना,” गोदाबाई म्हणाली. “आमी नसलो, त तू हायेस. फक्त चुकवू नको.”

समाधानराव बांधावर उकिडवे बसले होते. किल्ला उन्हात स्वच्छ दिसत होता. ओळीतल्या प्रत्येक केळीपाशी बहीणभाऊ वाकत होते, वाद घालीत होते आणि पुढे सरकत होते. म्हसोबा अजून बराच लांब होता.